मूर्खांची शिरगणती

निवडणुकीचा निकाल लागला की हरलेल्या बाजूच्या ग्रुपांवर दोन गोष्टी फिरू लागतात. एक असतो आलेख : डावीकडे उंच सुळका, त्यावर ‘मूर्खपणाचं शिखर’ अशी पाटी, मग खोल दरी, मग शहाणपणाचा सावकाश चढ, आणि खाली डनिंग-क्रूगर ही दोन नावं. दुसरा असतो ‘इडियॉक्रसी’ या 2006च्या अमेरिकी चित्रपटाचा एखादा तुकडा, सोबत एक ओळ : हा विनोदपट नव्हे, माहितीपट आहे. 2024च्या जूनमध्ये लोकसभेच्या निकालानंतर हे झालं, नोव्हेंबरमध्ये विधानसभेनंतरही झालं. मधल्या पाच महिन्यांत महाराष्ट्रात हरणारी बाजू बदलली, आलेख तोच राहिला. त्यावरचा वादही ठरलेला. एक पक्ष म्हणतो, लोक दिवसेंदिवस अडाणी होताहेत आणि अडाण्यांचाच आत्मविश्वास सगळ्यांत जास्त असतो, हे आता विज्ञानानंच सिद्ध केलंय. दुसरा म्हणतो, हा शिकलेल्यांचा माज आहे, कुवतबिवत काही मोजायचीच नसते. या आलेखामागचा मूळ निबंध वाचलेला आणि तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला माणूस दोन्हीकडे विरळाच.

फाजील आत्मविश्वास ही खरी गोष्ट आहे आणि घातकही आहे. पण तो कमी कुवतीच्या माणसांचा खास रोग नाही. केलेली चूक जिथे करणाऱ्याच्या पदरात परत पडत नाही तिथे तो पोसला जातो. मग माणूस अंगठेबहाद्दर असो की डॉक्टरेट मिळवलेला. त्या चित्रपटातला खरोखर धारदार भाग नेमका हेच दाखवतो. ज्या भागामुळे लोक त्याला माहितीपट म्हणतात, तो मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या आणि आकड्यांनी कधीच खोट्या पाडलेल्या भीतीवर उभा आहे.

आधी आलेखाकडे बघू. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांचा निबंध 1999 सालचा, कॉर्नेल विद्यापीठातला. त्यात तो सुळका नाही आणि ती दरीही नाही. कुणीतरी नंतर काढलेलं ते व्यंगचित्र आहे. मूळ काम असं : विद्यार्थ्यांना विनोदाची जाण, तर्क आणि इंग्रजी व्याकरण यांच्या चाचण्या दिल्या आणि ‘इतरांच्या तुलनेत तुम्ही कितव्या पर्सेंटाइलला असाल?’ असं विचारलं. (सीईटीच्या कृपेनं पर्सेंटाइल म्हणजे काय हे महाराष्ट्रात समजावून सांगावं लागत नाही.) गुणांनुसार चार गट पाडले. सर्वांत खालचा गट सरासरीनं बाराव्या पर्सेंटाइलला होता आणि स्वतःला बासष्टावर समजत होता. वरचा गट स्वतःला प्रत्यक्षापेक्षा कमी समजत होता. अंदाजांची रेषा जवळजवळ आडवी, उजवीकडे किंचित चढलेली. म्हणजे खालच्या गटाला आपण वरच्यांपेक्षा हुशार आहोत असं वाटतच नव्हतं. आपण सरासरीपेक्षा जरा बरे आहोत, एवढंच वाटत होतं. ‘ज्याला काही येत नाही तोच सगळ्यात जास्त ठामपणे बोलतो’ हे वाक्य या निबंधातून निघत नाही. निबंधाची सुरुवात मात्र फार मजेशीर आहे : लिंबाचा रस चोळला की चेहरा कॅमेऱ्यात दिसत नाही अशा समजुतीनं 1995 साली पिट्सबर्गमध्ये बँका लुटणारा माणूस. तो किस्सा इतका झकास आहे की पुष्कळ वाचक तिथूनच परत फिरले असावेत.

आता त्या बारा आणि बासष्टकडे नीट पाहा. खालचा पाव गट म्हणजे शून्य ते पंचवीस पर्सेंटाइलमधली माणसं. त्यांची सरासरी साडेबाराच्या आसपास येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. परीक्षा कुठलीही घ्या, माणसं कुठलीही घ्या. नोबेल विजेत्यांची परीक्षा घेतली तरी त्यांच्यातला खालचा पाव गट साडेबारावरच असेल. तेव्हा ‘बारा’ हा काही शोध नाही, ती व्याख्याच आहे. राहिला बासष्ट. तो कसा येतो, हे कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये दहा मिनिटांत करून पाहता येतं. पहिल्या रकान्यात 1,000 ओळी भरून 0 ते 100 मधल्या यादृच्छिक संख्या टाका. हे खरे पर्सेंटाइल. दुसऱ्या रकान्यात 32 ते 100 मधल्या यादृच्छिक संख्या टाका; हे लोकांचे स्वतःबद्दलचे अंदाज, त्यांची सरासरी 66 येईल. क्रम लावण्याआधी दोन्ही रकाने फक्त मूल्यं म्हणून पुन्हा चिकटवा, नाहीतर क्रम लावताना सूत्रं परत चालतात आणि आकडे बदलतात. मग पहिल्या रकान्यानुसार क्रम लावून 250-250 ओळींच्या सरासऱ्या काढा. खरे आकडे 12.5, 37.5, 62.5, 87.5 च्या जवळपास. अंदाज चारही गटांत 66 च्या आसपास. खालच्या गटाचा ‘प्रचंड भ्रम’ आणि वरच्याचा ‘विनय’, दोन्ही हजर. आणि इथे ना कुणी मूर्ख आहे, ना शहाणा. नुसते आकडे आहेत. दुसऱ्या रकान्याचं पहिल्याशी अगदी पुसटसं नातं जोडलं की खालचा 66 उतरून 62 वर येतो आणि निबंधातली आकृती जवळपास तयार होते.

यावर एक चोख आक्षेप आहे. कोणी म्हणेल, अंदाज आणि प्रत्यक्ष यांत नातंच नाही असं तुम्ही गृहीत धरलंत. पण माणसाला स्वतःची कुवत कळत नाही, हाच तर मुद्दा होता! आक्षेप बरोबर आहे. फक्त त्या गृहीतकात वरच्या गटालाही स्वतःची कुवत तितकीच कळत नाही. सगळेच चाचपडताहेत, खालचा माणूस वर चुकतो कारण त्याला खाली जायला जागा नाही, वरचा खाली चुकतो कारण त्याला वर जायला जागा नाही. खालच्यांना *खास* आंधळेपणा आहे का, हे पाहायचं तर सरासरीचा फरक पाहून भागत नाही, त्यांच्या चुकांचा फैलाव जास्त आहे का ते बघावं लागतं. जिग्नॅक आणि झायेनकोव्स्की यांनी 2020 मध्ये 929 जणांवर तशी तपासणी केली, तेव्हा बहुतेक परिणाम सांख्यिकीतच विरघळला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाला मोठ्या नमुन्यांत आढळलं, की कमी गुण मिळवणाऱ्यांना स्वतःचं उत्तर बरोबर की चूक हे ओळखणं थोडं जास्त जड जातं. थोडं. म्हणजे काहीतरी शिल्लक आहे, पण ते शिखर नव्हे, टेकाडही नव्हे.

आणि जे शिल्लक आहे त्याचं कारण खुद्द मूळ निबंधात दिलंय. व्याकरणाचा नियम माहीत नसेल तर वाक्य चुकतं, आणि ते चुकलंय हेही कळत नाही, कारण दोन्हींना लागणारं ज्ञान एकच. व्याकरणाच्या प्रयोगात खालच्या गटाला इतरांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या, तरी त्यांनी स्वतःचा अंदाज बदलला नाही. आलेख फिरवणारे इथे थांबतात. पण चौथ्या प्रयोगात तर्काचे प्रश्न कसे सोडवायचे याचा छोटासा पाठ दिला, आणि त्याच खालच्या गटाला स्वतःची आधीची उत्तरं कशी होती ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येऊ लागलं. ज्या निबंधाच्या आधारे ‘यांना समजावून उपयोग नाही’ असं म्हटलं जातं, त्यातलाच एक प्रयोग सांगतो की थोडकं शिकवलं तरी फरक पडतो. हा प्रयोग कुणी फॉरवर्ड केलेला दिसत नाही. त्यात शत्रूला हिणवायची सोय नाही, हे कारण असावं.

कुवत असलेल्यांचं काय? स्वेन्सन यांच्या 1981च्या पाहणीत अमेरिकेतल्या 93 टक्के आणि स्वीडनमधल्या 69 टक्के चालकांनी आपलं गाडी चालवण्याचं कौशल्य मध्यापेक्षा वरचं ठरवलं. नेब्रास्का विद्यापीठातल्या 94 टक्के प्राध्यापकांना आपण सरासरीपेक्षा चांगलं शिकवतो असं वाटत होतं. ही पाहणी 1977 सालची. बर्सन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं, की काम मुद्दाम अवघड केलं की चित्र उलटतं : तिथे आपल्या जागेचा अंदाज जास्त चुकतो तो वरच्यांचा. आणि फिलिप टेटलॉक यांनी सुमारे वीस वर्षं 284 राजकीय तज्ज्ञांची 80,000 हून अधिक भाकितं नोंदवून तपासली, तेव्हा ज्यांना वाहिन्या आणि वृत्तपत्रं सतत बोलावतात त्यांची भाकितं कमी प्रसिद्ध तज्ज्ञांपेक्षा वाईट निघाली. यात आपल्याला नवल वाटायला नको. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खलक्षणांना दिला, पण त्यावर थांबले नाहीत. त्याच दशकाचा शेवटचा समास पढतमूर्खासाठी राखून ठेवला. सतराव्या शतकातल्या माणसाला दोन वेगळे समास लागले आणि आपण एका सुळक्यावर भागवतो! भर्तृहरीचंही तसंच. ज्ञानाच्या एका कणानं फुगलेल्या माणसाला ब्रह्मदेवही समजावू शकत नाही हा श्लोक सगळ्यांना आठवतो. थोडंसं कळत होतं तेव्हा *मीच* मदांध हत्तीसारखा झालो होतो, हा त्याच नीतिशतकातला श्लोक सहसा कुणी दुसऱ्याला पाठवत नाही.

आता चित्रपट. माइक जज यांचा. लष्करात ग्रंथपालाचं काम करणारा एक अगदी सर्वसाधारण माणूस 2005 मध्ये गोठवला जातो, 2505 मध्ये जागा होतो आणि जगातला सर्वांत हुशार माणूस ठरतो. शेतांना पाण्याऐवजी खेळाडूंचं पेय पाजलं जातंय, पिकं मरताहेत, आणि कारण विचारलं की एकच उत्तर : त्यात इलेक्ट्रोलाइट्स (म्हणजे क्षार) असतात. हा विनोद अप्रतिम आहे. पण तो मूर्खपणावरचा विनोद आहे का? चित्रपटच सांगतो, की त्या कंपनीनं अन्न-औषधांवर आणि प्रसारणावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थाच विकत घेतल्या होत्या, त्यामुळे तिला वाटेल ते विकता आणि वाटेल ते बोलता येत होतं. देशातले निम्मे लोक तिच्याच नोकरीत. शेताला पाणी दिलं की शेअर कोसळतो आणि नोकऱ्या जातात. म्हणून लोक चिडतात. चिडण्यात त्यांचा हिशेब चुकत नाही, त्यांचा पगार खरोखर बुडालेला असतो. मातीत मीठ साठलं की झाड करपतं हे सांगायला पाचशे वर्षांनंतरचा मूर्ख देश लागत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात पाटाच्या पाण्याच्या अतिवापरानं क्षारपड झालेल्या जमिनी बघाव्यात. त्या शेतकऱ्याला अक्कल कमी होती म्हणून त्या तशा झाल्या नाहीत. उसाला हमखास गिऱ्हाईक होतं, पाण्याचा आकार क्षेत्रावर होता, किती वापरलं त्यावर नव्हता, आणि मीठ वर यायला वर्षं लागतात. चूक आज, शिक्षा दहा-पंधरा वर्षांनी. कदाचित शेजाऱ्याच्या खोलगट रानात.

आणखी एक. त्या चित्रपटातला राष्ट्राध्यक्ष माजी कुस्तीवीर आहे, सभागृहात बंदूक झाडतो, पण आपल्यापेक्षा हुशार माणूस सापडला म्हटल्यावर तो त्याला बोलावून घेतो आणि देशाचे प्रश्न त्याच्या हाती देतो. शेवटी चिडलेल्या लोकांच्या शिक्षेतून नायक वाचतो तो शेतात कोंब फुटल्याचं दृश्य पडद्यावर दिसल्यामुळे. लोक ते पाहतात आणि मत बदलतात. हा अहंमन्य मूर्खांचा देश कसा म्हणायचा? आपल्याकडे चूक डोळ्यांनी दिसल्यावर मत बदलणारे किती सत्ताधीश दाखवता येतील?

खोट आहे ती सुरुवातीच्या काही मिनिटांत. एकीकडे उच्च बुद्ध्यांकाचं जोडपं, मूल लांबणीवर टाकत निपुत्रिक राहिलेलं. दुसरीकडे कमी बुद्धीच्या एका घराण्याचा वटवृक्ष, पिढ्यान्‌पिढ्या फुटणारा. ‘शहाण्यांना मुलं नाहीत, म्हणून जग मूर्ख झालं.’ ही वंशावळ नवीन नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हेन्री गोडार्ड यांनी 1912 मध्ये ‘कॅलिकॅक’ या टोपणनावाच्या घराण्याच्या अशाच दोन शाखा रंगवल्या होत्या : एकाच पुरुषाला गुत्त्यातल्या मुलीपासून झालेली ती ‘मंदबुद्धी’ आणि धर्मशील पत्नीपासून झालेली ती सज्जन. पुढे 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली, ती तिची आई, ती आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या मंदबुद्धी ठरवून. ती मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांवर माणसांच्या नसबंद्या झाल्या.

हे दूरचं समजू नये. ज्या वर्षी तो निकाल लागला त्याच वर्षी आपले लाडके कादंबरीकार ना. सी. फडके यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, भारतात सुप्रजननाची (‘चांगल्या’ वंशाचीच वाढ व्हावी असं मानणारी) चळवळ व्हावी असा आग्रह धरणारं, संततिनियमनाच्या अमेरिकी पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांच्या प्रस्तावनेसह. तेव्हाच्या कितीतरी सुधारकांना हे पुरोगामी वाटत होतं. आणि त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्ये, मानववंश आणि सुप्रजननशास्त्राच्या संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. वंशानुसार कवटीची ठेवण बदलते हे फिशर यांना दाखवायचं होतं. इरावतीबाईंच्या मोजमापांत तसं काही निघालं नाही, आणि निघालं नाही असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. फडके आणि इरावतीबाई, दोघंही बुद्धिमानच. फरक एवढाच की एकीच्या हातात मोजपट्टी होती आणि तिचं उत्तर तिनं मानलं.

मोजपट्ट्या इतरांनीही लावल्या. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी 1930च्या दशकात इशारा दिला होता, की गरिबांना मुलं जास्त होत असल्यानं ब्रिटनचा बुद्ध्यांक दशकाला एकेक गुणानं घसरेल. त्यांनी लेस्टरमधल्या दहा वर्षांच्या मुलांची 1936 मध्ये चाचणी घेतली आणि 1949 मध्ये पुन्हा. सरासरी 1.28 गुणांनी वाढली होती. स्कॉटलंडनं तर देशभरातल्या अकरा वर्षांच्या जवळपास सगळ्या मुलांना 1932 आणि 1947 मध्ये एकच प्रश्नपत्रिका दिली, याच भीतीपोटी. तिथेही सरासरी चढलेली. पुढे जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांचे आकडे लावून दाखवलं, की विसाव्या शतकात हे गुण दशकाला सुमारे तीन या गतीनं वाढत होते.

‘लोक अडाणी होताहेत’ म्हणणाऱ्यांच्या हातातलं सगळ्यात भारी हत्यार इथे बाहेर येतं, आणि ते खोटं नाही. नॉर्वेत लष्करी भरतीच्या चाचण्यांत 1975 नंतर जन्मलेल्या तरुणांचे गुण उतरू लागले. आइसलँडमध्ये 2017च्या अभ्यासानं दाखवलं, की जास्त शिक्षणाशी जोडलेली जनुकं असणाऱ्यांना मुलं खरोखरच किंचित कमी होतात. मग चित्रपट बरोबर? नॉर्वेच्या आकड्यांत ब्राट्सबर्ग आणि रॉगेबर्ग यांनी 2018 मध्ये सख्खे भाऊ भावांशी ताडून पाहिले. घसरण एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावांतही तितकीच दिसली. आईबाप तेच, मग ‘चुकीची माणसं मुलं जन्माला घालताहेत’ हे कारण कसं लागू व्हावं? शाळा, वाचन, पडदे, चाचणीचं स्वरूप, काहीही असेल, वंशावळ नाही. आणि आइसलँडचा जनुकीय परिणाम बुद्ध्यांकाच्या भाषेत दशकाला 0.04 गुण, संशोधकांनी ताणून धरला तरी 0.3. फ्लिनच्या तीन गुणांपुढे एक दशांश. ज्याला पाचशे वर्षांनंतरची चिंता आहे त्यानं शाळांची चिंता करावी, पाळण्यांची नव्हे. पाळण्यांची चिंता सरकारनं केली की काय होतं ते 1976-77 मध्ये देशानं पाहिलंच. त्या एका वर्षात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, आणि सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करण्यात महाराष्ट्राचं विधिमंडळ आघाडीवर होतं.

तर मग आत्मविश्वासाला लगाम कशानं बसतो? अमेरिकेतले हवामान अंदाजकार ‘उद्या पावसाची शक्यता 70 टक्के’ असं म्हणतात, तेव्हा अशा शंभर दिवसांपैकी सत्तरच्या आसपास दिवशी खरंच पाऊस पडतो. मर्फी आणि विंकलर यांनी 1977 मध्येच हे दाखवलं. उलट 1981च्या एका अभ्यासात खोकल्याचे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांनी न्यूमोनियाची शक्यता प्रत्यक्षाच्या कितीतरी पट धरलेली आढळली. डॉक्टर अंदाजकारापेक्षा मठ्ठ असतात का? अंदाजकाराला दुसऱ्या दिवशी खिडकीतून उत्तर मिळतं. डॉक्टरचा रुग्ण औषधानं बरा झाला की आपोआप, हे बहुधा कळतच नाही. तो परत येत नाही, एवढंच.

हे मोजायचं साधन 1950 पासून हाताशी आहे, ग्लेन ब्रायर या हवामानशास्त्रज्ञाचं. भाकीत टक्क्यांत करा. घटना घडली तर 1, नाही तर 0 धरा. दोहोंतल्या फरकाचा वर्ग काढा. 70 टक्के म्हणालात आणि घडलं, तर 0.09. 90 टक्के म्हणालात आणि घडलं नाही, तर 0.81. सगळ्या भाकितांची सरासरी काढा. जितकी कमी तितकं बरं. प्रत्येक वेळी 50 टक्के म्हणणाऱ्याला 0.25 मिळतात, तेव्हा त्याच्यापेक्षा वर आकडा जात असेल तर गप्प बसणं परवडलं असतं. यात बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. ‘दाट शक्यता आहे’, ‘वारं फिरलंय’ असल्या शब्दांना आकडा नसतो. मुदत दिलेली नसते, त्यामुळे भाकीत कधी चुकतच नाही. आणि वही निकालानंतर लिहिली जाते, तेव्हा आठवतात ती फक्त बरोबर आलेली. पाच-सहा भाकितांवर काही ठरवू नये. निदान तीस-चाळीस जमू द्यावीत.

मतदारानं असं करावं असं मी म्हणत नाही. त्याला ते शक्यही नाही. पाच वर्षांतून एक मत, त्याच्या परिणामात पाऊस, जागतिक तेलाचा भाव आणि आधीच्या सरकारची देणी मिसळलेली. यातून कुणाला स्वतःची चूक वेगळी काढता येईल? इथे हुशार मतदारही तितकाच चाचपडतो, फक्त त्याच्याकडे कारणं जास्त असतात. पण ज्यांचा धंदाच भाकितं सांगण्याचा आहे त्यांना ही सबब नाही. 2024च्या लोकसभेला बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी एनडीएला 350 च्या वर जागा दिल्या, मिळाल्या 293. नोव्हेंबरमध्ये तीच मंडळी त्याच आवाजात पुन्हा वाहिन्यांवर होती. प्रत्येकाच्या नावाखाली त्याच्या मागच्या भाकितांचा ब्रायर आकडा दाखवायला वाहिनीला जवळपास काहीच खर्च येत नाही. पडद्याच्या तळाशी तीन पट्ट्या एरवीही धावतच असतात.